कडेवरचं

१

माझे भाऊजी माणसांचे दात बनवतात. दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात आणि भाऊजी एका लांबट खोलीत, खिडकीखाली बसून त्यावरून कवळ्या घडवतात. आयुष्यभर तेच केल्यामुळे ते माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी चावा बघतात. कुणी अर्धं बिस्किट बशीत ठेवलं की म्हणणार, “खालची डावी दाढ काढलीय वाटतं.” त्यामुळे ते आमच्याकडे आले की सगळे बिस्किट आख्खं तोंडात टाकतात.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, औषधांच्या दुकानात काम करते. सातव्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात माणसं दोन, आणि बोका. बोका हे कुत्र्याचं नाव. पिल्लू असताना तो सोफ्याच्या पाठीवर चढून मांजरासारखे पंजे दुमडून बसायचा, म्हणून ताईने ते ठेवलं. पुढे तो वासराएवढा झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ताई बागेत “बोका, बोका” अशी हाक मारायची, आणि लोक झाडांवर मांजर शोधत बसायचे.

बोका म्हातारा झाला त्याच सुमाराला सोसायटीने इमारतीत नवी फरशी बसवली. पांढरी, आरशासारखी. खाली प्रवेशाशी, लिफ्टसमोर, प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये. पहिल्या काही दिवसांतच तिच्यावर नखांचे ओरखडे दिसले आणि सभेत नियम झाला. प्राणी पाळायला हरकत नाही. मात्र घराच्या दाराबाहेर, इमारतीच्या आत, त्यांचे पाय जमिनीला लागता कामा नयेत. कडेवर घ्या, पिशवीत घ्या, कसंही न्या.

ज्यांची कुत्री पिशवीत मावत होती त्यांनी लगेच होकाराचे हात वर केले. भाऊजींनी चादरीची झोळी करून पाहिली. एक टोक ताईच्या खांद्यावर, एक त्यांच्या, आणि मधे बोका, राजासारखा ऐसपैस. पॅसेजमधल्या लोकांनी हसून घेतलं. काही दिवस हे जमलं. मग एका सकाळी लिफ्ट बंद होती आणि जिन्यात भाऊजींच्या कमरेत अशी काही चमक भरली, की ते तिथेच बसले. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली.

“आपण घर बदलू,” ताई म्हणाली.

“एका कुत्र्यासाठी?”

“एका कुत्र्यासाठी नाही. बोक्यासाठी.”

भाऊजींना ते पटलं नाही. घर कामाच्या जागेपासून पायी जाण्याइतकं जवळ होतं, ऊन चांगलं यायचं. शहराबाहेर त्यांच्या ओळखीच्या एका माणसाची रोपवाटिका होती, तिथे पळायला मोकळी जागा होती. एका रविवारी ते बोक्याला तिथे सोडून आले. ताई बरोबर गेली नाही.

महिनाभराने रोपवाटिकावाल्याचा फोन आला. बोक्याने खाणं टाकलं होतं, फाटकापाशीच बसून राहायचा, आणि त्या सकाळी तो तिथून उठलाच नाही. फोन ताईने घेतला. “कळवलंत, बरं केलंत,” म्हणाली आणि कामावर गेली. ती रडली नाही. भाऊजींना एका शब्दाने बोलली नाही.

“भांडली असती तर बरं झालं असतं गं,” भाऊजी मला पुढे म्हणाले. “जिथे तो झोपायचा तिथे जणू खड्डा पडला होता, आणि आम्ही दोघं त्याला वळसा घालून चालत होतो.”

पुढचं बरंचसं मी त्यांच्याकडूनच ऐकलंय. शेवटचं मात्र माझ्यासमोर घडलं.

२

वरच्या कुठल्यातरी मजल्यावर एक बाई राहायला आली होती. भाऊजी कामावर निघायचे तेव्हा ती लिफ्टमध्ये असायची. छातीशी राखाडी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. एक हात खाली आधाराला, दुसरा वरून. इमारतीत तिला सगळे ब्लँकेटवालीच म्हणत.

सुरुवातीला भाऊजींना तिचा नुसता राग आला. नियम जणू हिच्यासाठीच केला होता. पण रोज समोर उभं राहायचं म्हटल्यावर माणूस किती दिवस तोंड फिरवणार? एकदा त्यांनी विचारलं, “कुठली जात?”

“शांत जात आहे,” ती म्हणाली.

लिफ्टमधले बाकीचे तिच्या गाठोड्याचं भारी कौतुक करायचे. किती गुणी आहे, आवाज म्हणून नाही! पहिल्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक त्याला मांजर म्हणायचे. समोरच्या घरातली काकू चपट्या तोंडाचं कुत्रं म्हणायची. भाऊजींनी काकूला विचारलं, “तुम्ही पाहिलंत त्याचं तोंड?” “म्हणजे काय, पाहिलंच असेल की,” काकू म्हणाली आणि पिशवीत किल्ल्या शोधू लागली.

ब्लँकेट हलायचं ते फक्त श्वासाने. एवढ्याशा लिफ्टमध्ये तेवढंच बघायला असायचं, म्हणून भाऊजी बघायचे. एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की ते श्वास आत घेतात तेव्हाच ब्लँकेट वर येतंय. योगायोग, ते मनाशी म्हणाले. गंमत म्हणून त्यांनी श्वास रोखला.

ब्लँकेट थांबलं.

तळमजला येईपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही. दार उघडलं, ते धाप टाकत बाहेर पडले, आणि मागे ब्लँकेटमधूनही तशीच धाप ऐकू आली.

कामावर पोचेपर्यंत त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. प्राणी माणसाच्या लयीला लय जुळवतात, बोकाही झोपेत ताईच्या घोरण्याला साथ द्यायचा. पटण्यासारखं होतं. तरी दुसऱ्या दिवसापासून ते जिन्याने उतरू लागले.

३

जिन्याने उतरलं तरी प्रवेशाचं दार एकच. एका सकाळी ती तिथेच उभी होती. भाऊजी सांगतात, ती पार वाकली होती. काही आठवड्यांपूर्वी त्यांच्या खांद्याला लागणारी बाई आता कोपराशी आली होती.

“जरा धरता का?” ती म्हणाली. “चावी शोधायचीय.”

कुणी असं म्हटल्यावर हात आपोआप पुढे होतात. भाऊजींचे झाले.

गाठोडं उबदार होतं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जड. पण ते वजन भाऊजींच्या हातांना माहीत होतं. बोका संध्याकाळी त्यांच्या मांडीवर डोकं टाकायचा, अगदी तसं. वासही तोच, कानामागचा, उन्हात वाळलेल्या गोणपाटासारखा. भाऊजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांना कंबर आठवली नाही, डॉक्टर आठवले नाहीत.

बाईने पर्समध्ये हात घातलाच नाही. तिने हळूहळू पाठ सरळ केली. मणके वाजलेले त्यांनी ऐकले. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं, आपण एखाद्याच्या पायावर पाय दिला की बघतो तसं.

“जमिनीवर ठेवू नका हं,” म्हणाली. “नियम आहे.”

आणि दार ढकलून बाहेर पडली. रस्त्याच्या कडेने, दोन्ही हात झुलवत, शाळा सुटल्यासारखी.

भाऊजी वाट बघत उभे राहिले. शेवटी दाराशी बसणारा वॉचमन उठून आला. “साहेब, इथे नका थांबू. घेऊन जा वर.”

“अहो, माझं नाही हे. त्या बाईंचं आहे.”

“कुठल्या बाई?”

“ब्लँकेटवाली. रोज घेऊन येते ती.”

वॉचमन हसला. त्याला वाटलं भाऊजी चेष्टा करतायत. “रोज तर तुम्हीच घेऊन येता, साहेब.”

वॉचमन नवा होता, चेहरे अजून ओळखत नसेल. भाऊजींनी असाच विचार केला. मग सेक्रेटरींचं दार वाजवलं. सेक्रेटरी म्हणाले, त्या बाईंनी घर सोडलं, सामानाचा ट्रक पहाटेच गेला. “फार शिस्तीची बाई. एकदाही पाय टेकू दिले नाहीत.” आणि भाऊजींच्या हातांकडे बघून मान डोलवली. “तुम्हालाही जमलं म्हणायचं अखेर.”

४

प्राण्यांच्या निवाऱ्याला फोन करायचा, असं ठरवूनच भाऊजी घरात शिरले. ताई दारात उभी होती. ते काही बोलायच्या आत तिने गाठोडं घेतलं, ब्लँकेटचा कोपरा बोटाने बाजूला केला, आत पाहिलं. आणि बोका गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

“काय आहे?” भाऊजींनी विचारलं.

“म्हणजे? दिसत नाही तुम्हाला?”

फोन राहून गेला. भाऊजी म्हणतात, ते हसू बघितल्यावर कुणाची हिंमत झाली असती? ताई पुन्हा बोलू लागली. गुणगुणू लागली. कामावर जायची बंद झाली, पण भाऊजींना वाटलं, होईल सुरळीत. ती त्याला खाली ठेवत नव्हती, हे मात्र त्यांना खटकायचं. जेवताना एक हात, केस विंचरताना एक हात. तिच्या आंघोळीच्या वेळी त्यांनी धरायचं. तेव्हा आत डोकवायचं ते रोज ठरवत. आणि दर वेळी ताई बाहेर येऊन गाठोडं परत घेई, तेव्हा त्यांना कळे की आपण सगळा वेळ भिंतीकडे बघत बसलो होतो.

केस नसलेलं मांजर असेल. आजारी माकड असेल. ते यादी करत राहायचे आणि एकही नाव बसायचं नाही.

मग त्यांना ताईच्या मनगटावर चाव्याची खूण दिसली. जुनी, बुजत आलेली. त्याच्यावर एक नवी.

“लाडाने चावतं,” ताई म्हणाली.

चावा म्हटला की भाऊजींचं डोकं चालू होतं. हा प्रांत त्यांचा. एका दुपारी ताईला खुर्चीत डुलकी लागली होती, तेव्हा त्यांनी कामावरची मेणाची पट्टी ब्लँकेटच्या घडीशी धरली. आतून कुणीतरी ती हलकेच ओढून घेतली. थोडा वेळ दाबली. आणि परत त्यांच्या बोटांत दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या ठशात प्लास्टर ओतलं. साचा निघाला तो बघत बसले. सुळे नव्हते. दाढा नव्हत्या. पुढून मागेपर्यंत सगळे दात एकसारखे, चपटे, माणसाच्या पुढच्या दातांसारखे.

शेजारच्या टेबलावर काम करणारी सहकारी वाकून बघायला आली. “कुणाचा ठसा? लहान मूल दिसतंय.”

“का?”

“हे बघा ना, मागे दुसरी ओळ येतेय.” तिने नखाने दाखवलं, आणि मग तिचं नख तिथेच थांबलं. “आणि तिच्यामागे...” एवढं म्हणून ती आपल्या टेबलाशी परत गेली.

भाऊजींनी साचा हातोडीने फोडला. संध्याकाळी मला फोन केला. “धाकटे, येऊन जा एकदा,” म्हणाले. त्यांनी आजवर मला कधी असा फोन केला नव्हता.

५

मी नकाशे काढणारी बाई. भिंत म्हणजे भिंत, दार म्हणजे दार. जाताना माझा हिशेब सरळ होता: ताईला दुःख झालंय, भाऊजींना अपराधी वाटतंय, आणि घरात एक आजारी प्राणी आहे. डॉक्टरकडे नेऊ, म्हटलं, माणसांच्या आणि जनावरांच्या, दोन्ही.

दार ताईने उघडलं आणि मला खाली बघावं लागलं. माझी ताई माझ्यापेक्षा उंच. तिचा खांदा आता माझ्या छातीशी होता. पाठीतून वाकली होती, गाठोड्याच्या भाराने, आणि चेहरा मात्र अगदी प्रसन्न. भरदुपारी लख्ख ऊन आत आलं होतं. तिने एका हाताने चहा केला, एका हाताने कप आणले. मी गाठोड्याकडे बघायचं टाळत होते, का ते माझं मलाच कळत नव्हतं.

“ताई, जरा खाली ठेव ना. दमली असशील.”

“छे, खाली नाही ठेवायचं.”

“अगं, तो नियम बाहेरचा. घरात कसला नियम?”

ताई माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मला गणित समजावताना बघायची तशी. “फरशीसाठी नाहीये गं तो,” म्हणाली. “एकदा पाय टेकले की ते चालायला शिकेल.”

भाऊजींचा कप बशीवर वाजला.

“आणि मग?” मी विचारलं.

ताईने हातांत गाठोडं जरा सावरलं. तेवढ्यानेही तिच्या कपाळावर घाम आला. मग हळूच म्हणाली, “तू धरतेस थोडा वेळ? फक्त पाठ टेकते.”

मी तोंड उघडलं, पण त्याआधी भाऊजी उठले होते. “मी धरतो,” म्हणाले. “तू नीज.”

“तुमची कंबर?”

“असू दे कंबर.” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “बोक्याच्या वेळी कंबर-कंबर करत बसलो. आता नाही. तू नीज जा.”

ताईने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. बोक्याबद्दलचा इतक्या महिन्यांचा अबोला त्या बघण्यात होता, आणि तो कुठेतरी सुटलाही असावा, कारण तिने गाठोडं त्यांच्या हातांत दिलं आणि त्यांच्या गालाला हात लावला. मग भिंतीला धरत झोपायच्या खोलीत गेली.

६

मी कप विसळायला स्वयंपाकघरात गेले. पाणी सोडलं. बाहेरून भाऊजींचा एकच आवाज आला, दात आवळून दाबलेला. कमरेची कळ आली की माणूस करतो तसा. मी नळ बंद केला.

मग फरशीवर ऐकू आलं. नखं नव्हेत. अनवाणी, ओलसर तळवा टेकावा तसं. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

मी बाहेर आले तेव्हा भाऊजी खोलीच्या मध्यभागी उभे होते. हात अजून तसेच, काहीतरी कवेत असल्यासारखे. ब्लँकेट पायाशी पडलं होतं, रिकामं. ते भिंतीकडे बघत होते.

“कुठे आहे?”

“ताईला उठव,” ते म्हणाले. “आपण निघू. खाली बघू नकोस.”

मी खाली पाहिलं नाही. मी ताईला उठवलं, चपला घालायला लावल्या. ती काही विचारत नव्हती. तिची पाठ सरळ झाली होती, ती पुन्हा माझ्यापेक्षा उंच होती. आम्ही दार लावून घेतलं, आणि कुलूप घालताना माझ्या मनात आलं, चला, आतच राहिलं ते. वेडगळ विचार, पण मला त्याने हायसं वाटलं.

लिफ्ट आली. आत सेक्रेटरी होते, हातात भाजीची पिशवी. आम्हाला बघून हसले, आणि मग त्यांची नजर ताईच्या गुडघ्याशी गेली.

“अहो, हे काय? तुम्हाला नियम माहीत आहे ना? उचला बघू त्याला.”

कुणी हललं नाही. लिफ्टचं दार बंद व्हायला लागलं, त्यांनी हाताने अडवलं. ते अजून तिथेच बघत होते. मग त्यांची नजर हळूहळू वर सरकली. ताईच्या कमरेपर्यंत आली. थांबली. आणखी वर आली, ताईच्या खांद्याच्या बाजूला, जिथे काही नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आधी ओशाळलं, मग पार उतरलं.

“माफ करा,” ते म्हणाले. “मला वाटलं, कुत्रं आहे.”

आणि पिशवी छातीशी धरून ते कोपऱ्यात सरकले, आत यायला जागा करून दिली. आम्हा तिघांना लागली असती त्याहून जास्त.

तेव्हा मी ताईच्या हाताकडे पाहिलं. तो अंगापासून जरासा दूर होता, आणि मूठ सैल मिटलेली, जशी कुणाचा तरी हात धरल्यावर मिटते.

७

ते घर विकलं. ताई-भाऊजी आता आमच्याच गल्लीत, तळमजल्यावर राहतात. ताई ठणठणीत आहे. दुसऱ्या दुकानात नोकरी करते, गिऱ्हाइकांशी थट्टामस्करी करते, जेवण चांगलं आहे. तिला त्या दिवसांतलं विचारलं तर म्हणते, “मी जरा खचले होते, नाही का?” मी हो म्हणते. डॉक्टरही तेच म्हणाले होते.

संध्याकाळी दोघं फिरायला जातात, ते मला माझ्या खिडकीतून दिसतात. ताई रस्त्याच्या एका कडेने चालते, डाव्या बाजूला ऐसपैस जागा सोडून. समोरून येणारी माणसं, काहीही कारण नसताना, त्या जागेला वळसा घालून जातात. भाऊजी ताईच्या शेजारून चालत नाहीत. बरेच मागे, काठी टेकत येतात. ते फार म्हातारे दिसायला लागलेत.

परवा मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, “भाऊजी, ताईबरोबर का नाही चालत? तिला किती बरं वाटेल.”

ते काठीच्या टोकाने माती उकरू लागले.

“रोपवाटिकेतून निघालो ना,” ते म्हणाले, “तेव्हा बोका फाटकाशी उभा होता. मी गाडीचा आरसासुद्धा वळवून ठेवला होता, दिसू नये म्हणून. एकदाही मागे पाहिलं नाही मी.”

“झालं ते झालं, भाऊजी.”

“हो,” ते म्हणाले. ताई पुढे वळणावर पोचली होती, हात अंगापासून जरासा दूर धरून. भाऊजींनी तिकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. “हे मात्र दर चार पावलांनी मागे वळून माझ्याकडे बघतं.”